ती वस्तू कुठंय?

मागच्या महिन्यात आमच्या म्युझियममध्ये एक आजी आल्या होत्या, सोबत कॉलेजातला नातू. तिकीट काढून सगळी दालनं बघितली, अगदी शेवटचं खापरांचं दालनसुद्धा जिथं कोणी दोन मिनिटं थांबत नाही, आणि मग काउंटरवर येऊन पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद काढला. घडीवर फाटायला आलेला. आमच्याच म्युझियमची पोचपावती होती ती. 'एक पितळी होकायंत्र, लाकडी पेटीसह, देणगी म्हणून साभार स्वीकारले', खाली सही, शिक्का. आजींचे वडील जमीन मोजणीच्या कामावर होते, त्यांनी रिटायर झाल्यावर दिलेलं. "दालनात कुठं दिसलं नाही हो, याला दाखवायचं होतं." काउंटरवरच्या पोराने मला वरती फोन केला, मी खाली आले, पावती हातात घेतली आणि पोटात गोळाच आला.

कारण ते होकायंत्र कुठंय हे मला माहीत नव्हतं.

आणि मी कोण, तर या म्युझियमच्या संग्रहाची प्रमुख. म्हणजे इथं जे काही आहे ते सांभाळणं आणि ते लोकांपर्यंत पोचवणं, दोन्ही माझ्या माथ्यावर. आजींना म्हणलं, मला थोडे दिवस द्या, मी स्वतः फोन करते. त्या काही रागावल्या नाहीत, उलट "हो हो, एवढ्या पसाऱ्यात वेळ लागणारच" असं म्हणाल्या, आणि ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

बाहेर कोणाला सांगितलं की मी अमुक काम करते, तर लोकांना वाटतं ही बाई दिवसभर हातात ब्रश घेऊन मूर्तींवरची धूळ झटकत असेल. माझा अर्धा दिवस जातो एक्सेलच्या शीटमध्ये आणि उरलेला डिह्युमिडिफायरच्या (हवेतला दमटपणा ओढून घेणारं यंत्र) टाकीतलं पाणी शनिवार-रविवार कोण ओतणार या वादात. ब्रश असतो, पण तो संवर्धकाच्या, म्हणजे वस्तूंची सफाई-डागडुजी करणाऱ्याच्या हातात असतो, आणि तो मला त्याला हातसुद्धा लावू देत नाही.

लोकांना दिसतं ते म्युझियम म्हणजे दालनं. आमच्यासाठी म्युझियम म्हणजे स्टोअर. आकडाच सांगते, ब्रिटिश म्युझियमकडे ८० लाखांच्या आसपास वस्तू आहेत आणि मांडलेल्या असतात साधारण ८० हजार, म्हणजे शंभरात एक. बाकी नव्व्याण्णव कपाटात, खणात, खोक्यात. छोट्या म्युझियममध्ये हे प्रमाण थोडं बरं असतं पण चित्र तेच. त्यामुळे 'सांभाळणं' म्हणजे मुख्यतः जे कोणी बघत नाही ते सांभाळणं, आणि जे कोणी बघत नाही त्याच्यासाठी बजेट मागायला गेलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते मी आता डोळे मिटूनसुद्धा ओळखते.

होकायंत्राची शोधाशोध पहिल्याच दिवशी अर्धी झाली असं वाटलं होतं. जुनी नोंदवही काढली, ती जाड कापडी पुठ्ठ्याची, त्यात नोंद सापडली, नंबर सापडला, वर्णन अगदी पावतीसारखंच, आणि शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने 'खो. क्र. ३'. झालं की मग! फक्त एवढंच की खोली क्रमांक तीन आता अस्तित्वात नाही, तिथं गेली कित्येक वर्षं अकाउंट्सवाले बसतात.

वस्तूंच्या नाशाची दहा कारणं कॅनेडियन कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटने एकत्र मांडलीत, आमच्या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला ती पाठ असतात. धक्का-हाताळणी, चोरी आणि तोडफोड, आग, पाणी, किडे-उंदीर, प्रदूषण, प्रकाश, चुकीचं तापमान, चुकीची आर्द्रता. ही नऊ. ऐकली की कोणालाही पटतात. दहावं आहे ते डिसोसिएशन, याला मराठीत काय म्हणायचं यावर आमच्याकडे बराच खल झाला, मी आपलं 'ताटातूट' म्हणते. वस्तूची तिच्या नंबरापासून, नोंदीपासून, जोडीदारापासून, गोष्टीपासून ताटातूट. वस्तू ठणठणीत असते, ना बुरशी ना तडा, पण ती कोणाची, कुठून आली, कशाचा भाग, हे सांगणारं काही उरत नाही आणि मग ती नुसती एक पितळेची चकती. आगीची बातमी होते, ताटातुटीची होत नाही, ती हळूच होते, एखादा दोरा तुटतो आणि लेबल कपाटाच्या मागे पडतं बस.

ब्रिटिश म्युझियमचंच २०२३ सालचं प्रकरण आठवत असेल, जवळजवळ दोन हजार वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा खराब झालेल्या असल्याचं बाहेर आलं. त्यात बऱ्याचशा छोट्या गोष्टी होत्या, कोरीव खडे, दागिने, आणि त्यातल्या कित्येकांची कॅटलॉगमध्ये नीट नोंदच नव्हती. म्हणजे गेलं काय हे सांगायलाच पंचाईत. त्यानंतर त्यांनी पाच वर्षांत सगळ्या संग्रहाची डिजिटल नोंद पुरी करायचं जाहीर केलं. आमच्याकडे त्या आठवड्यात सगळे मोठमोठ्याने 'बघा बघा' करत होते, आणि मी मनातल्या मनात आमच्या 'किरकोळ' लिहिलेल्या सतरा खोक्यांचा विचार करत होते. हो, सतरा. प्रत्येक म्युझियममध्ये 'किरकोळ' नावाचं खोकं असतं, नाही म्हणणारा खोटं बोलतोय.

नंबर कसा घालतात हे लोकांना बघायला फार आवडतं म्हणून सांगते. सर्वसाधारण पद्धत तीन भागांची: वस्तू आली ते वर्ष, त्या वर्षातली कितवी खेप, आणि त्या खेपेतली कितवी वस्तू. पेटी आणि आतलं यंत्र असेल तर त्याच नंबराला पुढे अ, ब. आता तो वस्तूवर लिहायचा तर थेट शाईने लिहून चालत नाही, आधी पॅरालॉइड बी-७२ नावाच्या रेझिनचा पातळ थर, तो वाळला की त्यावर बारीक निबने नंबर, त्यावर पुन्हा एक थर. उद्या काढायचा झाला तर ॲसिटोनच्या बोळ्याने पुसला जातो आणि वस्तूला काही होत नाही. कापडावर यातलं काहीच नाही, तिथं सुती फितीवर नंबर लिहून ती फीत दोन टाके घालून शिवायची. कागदावर मऊ पेन्सिल, मागच्या बाजूला, कोपऱ्यात. आमच्या जुन्या लोकांनी काही वस्तूंवर पांढऱ्या ऑइलपेंटने, दर्शनी भागावर, हे एवढाले नंबर टाकून ठेवलेत. आम्ही त्यावर हसायचो. होकायंत्र शोधताना चौथ्या दिवशी मला त्या पांढऱ्या पेंटवाल्या माणसाचे पाय धरावेसे वाटले, कारण दोऱ्याने बांधलेली लेबलं गळून पडतात आणि तो पेंट काही केल्या जात नाही.

चौथ्या दिवसापर्यंत आम्ही सगळ्या धातूच्या वस्तू पालथ्या घातल्या होत्या. स्टोअरमध्ये बाकीची कामं काही थांबत नाहीत म्हणा. त्याच आठवड्यात एक लोकरी गणवेश काढला तर बाहीच्या घडीत बारीक रेतीसारखं काहीतरी आणि रेशमी नळीसारखे तुकडे. कसर. कापडाला लागणारी कसर म्हणजे एका बारक्या पतंगाच्या अळ्या, त्यांना लोकर, रेशीम, पिसं, फर असलं काहीतरी हवं असतं, आणि एका कपाटात लागली की बाकीच्या कपाटांत पोचायला तिला कोणाची परवानगी लागत नाही. पूर्वी अशा वेळी सरळ विष मारायचे. जुने पेंढा भरलेले पक्षी-प्राणी बघितलेत ना, त्यातल्या कित्येकांच्या कातडीला आर्सेनिक चोळलेलं असतं आणि ते आजही तिथंच आहे, म्हणून मुलं कितीही मागे लागली तरी त्या घुबडाला हात लावू देत नाही आम्ही. आता आम्ही फ्रीजर वापरतो. गणवेश टिश्यूत गुंडाळायचा, पॉलिथिनमध्ये हवाबंद करायचा आणि उणे ३० डिग्रीला तीन दिवस, किंवा फ्रीजर उणे २० चाच असेल तर आठवडा-दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, दिवसभर तशीच ठेवायची, नाहीतर हवेतली वाफ थंड कापडावर जमते आणि कसर गेली पण बुरशी आली अशी गत होते. एका उत्साही ट्रेनीने एकदा उघडली होती. तेव्हापासून फ्रीजरवर लाल अक्षरांत पाटी आहे.

हातमोज्यांचं पण सांगून टाकते. कॅमेरावाले आले की पहिला प्रश्न, "मॅडम, ते पांढरे ग्लव्हज घालता का, शॉट छान येतो." जुन्या कागदाला सुती हातमोजे लावणं म्हणजे उलट धोका, बोटांना काही कळत नाही आणि पानाची कड टरकन फाटते. कागदाला स्वच्छ धुतलेले, कोरडे हात. धातूला आणि फोटो-निगेटिव्हला नायट्राइलचे निळे मोजे, कारण घामाने धातूवर बोटाचा ठसा उमटतो तो कायमचा. निळे मोजे शॉटमध्ये डॉक्टरसारखे दिसतात म्हणून कॅमेरावाल्यांना आवडत नाहीत.

माझी सगळ्यात जास्त भांडणं होतात ती मात्र उजेडावरून. सांभाळायचं आणि दाखवायचं हे दोन्ही एकाच माणसाकडे दिलं की तो स्वतःशीच भांडतो, तसं माझं होतं. एक रेशमी पोशाख होता, जर्द किरमिजी, प्रदर्शनाचा मुख्य आकर्षण तोच. डिझाइनवाल्यांना त्यावर झगझगीत दिवे हवे होते. मी लक्स मीटर घेऊन उभी, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र. रेशीम, कागद, जलरंग असल्या नाजूक गोष्टींना ५० लक्स, तैलचित्राला २०० पर्यंत चालतं, हा सगळीकडचा जुना अंदाज. "५० लक्समध्ये लोकांना काय दिसणार, अंधारच की" हे त्यांचं म्हणणं, आणि त्यांचंही चुकत नाही, साठीच्या पुढच्या माणसाला तेवढ्या उजेडात खरंच त्रास होतो. पण प्रकाशाचं गणित उधारीसारखं आहे, दरवेळी थोडंथोडं चढत जातं आणि माफ कधीच होत नाही. ५० लक्सवर रोज आठ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर १ लाख २० हजार लक्स-तास. दिवा २०० वर नेला तर तेवढीच झीज तीन महिन्यांत. उडालेला रंग परत आणणारा संवर्धक अजून जन्मलेला नाही. शेवटी आम्ही तोड काढली: भिंती गडद रंगवल्या, बाहेरच्या बोळात उजेड आधीच कमी करत आणला म्हणजे डोळे सरावतात, पोशाखावरचा दिवा माणूस जवळ आला की लागेल असा सेन्सर, आणि तीन महिन्यांनी पोशाख आत, त्याच्या जागी दुसरा. उद्घाटनाला कोणीतरी "वातावरण किती छान केलंय" म्हणालं आणि डिझाइनवाल्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आर्द्रतेचं तेवढं नाटक आता राहिलेलं नाही. पूर्वी पन्नास टक्के म्हणजे पन्नासच, एखाददुसरा टक्का इकडेतिकडे झाला की धावपळ, त्यासाठी रात्रंदिवस एसी. आता मोठमोठी म्युझियमं पण ४० ते ६० टक्के आणि १६ ते २५ डिग्री एवढी मोकळीक बहुतेक वस्तूंना चालते असं मानतात, फक्त एका दिवसात मोठी उडी नको. ६५ च्या वर जास्त दिवस राहिलं तर बुरशी, हे मात्र पक्कं.

आता पोचवण्याचं. आमच्या वरिष्ठांच्या मते 'लोकांपर्यंत पोचणं' म्हणजे तिकीट काउंटरचा आकडा. मला हे कधी पटलं नाही आणि मी मीटिंगमध्ये बोलूनही दाखवते, त्यामुळे मला हल्ली काही मीटिंगांना बोलावत नाहीत, तेवढाच कामाला वेळ मिळतो. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने फेब्रुवारी २०१७ मध्ये ३ लाख ७५ हजार फोटो कोणीही कसेही वापरा म्हणून मोकळे केले. अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन या म्युझियमांच्या संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये एका फटक्यात २८ लाख. आपली ऐपत तेवढी नाही हे मान्य, आम्ही सुरू केलं ते एका फोन कॅमेऱ्यावर, राखाडी कागदाची पार्श्वभूमी, एक रंगपट्टी, एक मोजपट्टी, आणि दिवसाला तीस वस्तू. फोटो फार भारी नसतात. पण नंबर असतो, माप असतं, आणि वस्तू या तारखेला या अवस्थेत आमच्याकडे होती याचा पुरावा असतो.

हा पुरावा किती महत्त्वाचा ते ब्राझीलच्या नॅशनल म्युझियमला विचारा. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओमधली ती इमारत जळाली, संग्रह साधारण २ कोटी वस्तूंचा, त्यातला बहुतेक गेला. दुसऱ्याच दिवशी तिथल्या म्युझियमशास्त्र शिकणाऱ्या पोरांनी लोकांना आवाहन केलं की तुम्ही कधी तिथं गेला असाल तर तुमचे फोटो, व्हिडिओ पाठवा. लोकांनी हजारोंनी पाठवले. कोणाचा तरी सेल्फी, मागे एक मडकं अर्धवट दिसतंय, आणि आता त्या मडक्याचं जगात तेवढंच उरलंय. मी तोपर्यंत दालनात फोटो काढायला बंदी असावी या मताची होते (फ्लॅश, गर्दी, सेल्फी स्टिक, वगैरे वगैरे). दुसऱ्या आठवड्यात आमची ती पाटी काढून टाकली, फ्लॅशची तेवढी ठेवली.

पण सगळं मोकळं करा म्हणणाऱ्यांतली पण मी नाही, कारण त्यात मी स्वतः तोंडावर पडलेय. आमच्याकडे एका मुलींच्या वसतिगृहाची जुनी रजिस्टरं आहेत. सुंदर अक्षर, निळी-काळी शाई, इतिहासवाल्यांसाठी खजिना. आम्ही स्कॅन केली आणि कौतुकाने वेबसाइटवर टाकली. तीन आठवड्यांनी एका गृहस्थांचा फोन. आवाज शांत होता. म्हणाले, पान क्रमांक अमुक, तिथं माझ्या आईचं नाव आहे, तिला तिथं का ठेवलं होतं ते शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, आईने ते आयुष्यभर कोणाला सांगितलं नाही, आणि आज माझ्या पुतणीने ते गुगलवर वाचलं. मी काय बोलणार? तासाभरात सगळी रजिस्टरं खाली घेतली, पण वाचलं ते वाचलंच ना. कायद्याने आम्ही चुकलो होतो की नाही यावर नंतर चर्चा झाली, मला त्यात रस नव्हता. आता जिवंत माणसाशी किंवा त्याच्या आईबापाशी संबंध लागू शकेल असं काहीही वर टाकायच्या आधी दुसऱ्या माणसाने ओळ न् ओळ वाचायची, आणि संशय असेल तर फक्त यादी टाकायची, पान नाही. ज्याला खरंच अभ्यास करायचाय तो येऊन बसतो.

आणि काही गोष्टी कोणी बघायच्या हे ठरवणारे आपण नसतोच. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू या आदिवासी लोकांसोबत मिळून मुकुर्तू नावाचं एक सॉफ्टवेअर तयार झालंय, त्यात कुठला फोटो कोणी बघायचा हे त्या समाजाचे लोक ठरवतात, काही फक्त बायकांनी, काही फक्त त्या घरच्यांनी, आणि काही माणूस वारल्यावर झाकायचे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते म्युझियमच्या कल्पनेच्याच विरुद्ध वाटलं होतं. त्या फोननंतर नाही वाटत.

मालकीची पण एक गंमत आहे. कोणी आपल्या काकांची पत्रं आणून दिली की कागद आमचे होतात, मजकुराचा कॉपीराइट नाही, तो पत्र लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे, आणि काकांना आलेली पत्रं काकांनी लिहिलेली नसतात. देणगीपत्रावर सही घेताना हे समजावून सांगायला लागलं की लोक कंटाळतात, "अहो घ्या ना, मी देतोय म्हटलं ना" करतात. घेणं हेच तर अवघड आहे. शिवणयंत्रं! जगातल्या कुठल्याही म्युझियमवाल्याला विचारा, दर महिन्याला कोणीतरी आजीचं शिवणयंत्र घेऊन येतं. डोळ्यात पाणी असतं. आमच्याकडे अकरा आहेत, त्यातली चार एकाच मॉडेलची. नाही म्हणायला शिकणं हा या नोकरीचा सगळ्यात वाईट भाग आहे, आणि मी ते वाईटच करते, म्हणून अकरा आहेत.

ऑनलाइन फोटो टाकल्याचा फायदा आम्हाला सगळ्यात जास्त झाला तो 'ओळखा पाहू' मधून. ज्या वस्तू आम्हालाच कळत नव्हत्या त्या टाकायला लागलो. आमच्या एका क्युरेटरला ते लाजिरवाणं वाटलं, "आपल्याला माहीत नाही हे जाहीर करायचं?" तर एका दातेरी लोखंडी चाकाला आम्ही बारा वर्षं 'यंत्राचा भाग' म्हणत होतो आणि एका निवृत्त छापखानावाल्या काकांनी चार मिनिटांत सांगितलं की हे कागदाला रांगेने भोकं पाडायचं, तिकिटं-पावत्या फाडायला सोपी जावीत म्हणून. चार मिनिटं! बारा वर्षं!

तर होकायंत्र.

सातव्या दिवशी सापडलं. 'वैज्ञानिक उपकरणे' च्या कपाटात, दुर्बिणीच्या नळीमागे, तात्पुरत्या नंबरासह. पेटी नव्हती. काचेत सुई हलत होती पण अडखळत, एका बाजूला कललेली. आमच्या संवर्धकाने भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, ज्या टोकदार खिळीवर सुई तोललेली असते तिचं टोक बोथट झालंय, ही सुई कितीतरी वर्षं मोकळी राहिलीय. प्रत्येक धक्क्याला, कपाट उघडलं-मिटलं की, खिळीवर घासत राहिली. बाजूला एक छोटा खटका होता, तो दाबला की सुई खिळीवरून उचलली जाते आणि काचेला टेकून गप्प बसते. तो कोणी दाबून ठेवलेलाच नाही.

पेटी नवव्या दिवशी मिळाली, पार दुसऱ्या मजल्यावर 'लाकडी वस्तू' मध्ये. 'पेटी, रिकामी'. जुने कागद जुळवल्यावर लक्षात आलं की कधीकाळी एका प्रदर्शनात होकायंत्र स्टँडवर ठेवलं होतं आणि पेटी दिसायला नको म्हणून आत पाठवली होती. परत येताना दोघी वेगवेगळ्या ट्रॉलीतून आल्या. एवढंच. कोणी चोरलं नाही, कोणी आपटलं नाही. पेटीच्या नोंदीत एक ओळ होती, 'झाकणाच्या आत लाकडाची लहान खुंटी, तुटलेल्या कप्प्याचा अवशेष असावा'.

आजींना फोन केला. आल्या, नातू पण आला. आम्ही दर गुरुवारी दुपारी स्टोअरमधल्या मोठ्या टेबलावर लोकांना एकेक वस्तू दाखवतो, चार जण, एक वस्तू, पाऊण तास. रॉटरडॅमच्या बोयमन्स म्युझियमने २०२१ मध्ये दीड लाखावर वस्तूंचं अख्खं स्टोअरच लोकांना उघडून दिलं, लंडनच्या व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियमने २०२५ मध्ये नवं स्टोअर उघडलं तिथं तर कोणीही आधी सांगून हवी ती वस्तू टेबलावर मागवू शकतं. आमचं आपलं एक टेबल. तर त्या गुरुवारी टेबलावर फोमच्या उशीवर एका बाजूला होकायंत्र, एका बाजूला पेटी. मी सगळं खरं सांगितलं, दोन्ही कशा वेगळ्या झाल्या, सुईचं काय झालं. लपवण्यात काही अर्थ नव्हता.

आजींनी विचारलं, "हात लावू का?" निळे मोजे दिले. त्यांनी होकायंत्र उचलून पेटीत ठेवलं, उलटं नाही, तिरकं नाही, एका झटक्यात बरोब्बर बसलं, आणि झाकण लावलं. आतून टक् असा आवाज आला. मग झाकण उघडून नातवाला म्हणाल्या, "ही खुंटी आहे ना, ती खटक्यावर दाबते. बाबा आम्हाला खेळायला द्यायचे पण झाकण लावल्याशिवाय हलवायचं नाही, म्हणायचे. झाकण लावलं की सुई झोपते."

तुटलेल्या कप्प्याचा अवशेष!

मी शेजारी बसलेल्या आमच्या रजिस्ट्रारकडे बघितलं, ती आधीच लिहायला लागली होती. पेटीच्या नोंदीतली ती ओळ खोडली नाही, आमच्याकडे खोडत नाहीत, खाली नवीन ओळ तारखेसह घातली: खुंटी सुई उचलण्यासाठी, झाकण बंद केल्यावर खटका दाबला जातो, माहिती देणगीदाराच्या मुलीकडून. आजींच्या परवानगीने त्यांचं बोलणं पण रेकॉर्ड केलं, अठरा मिनिटं, त्यातली सहा मिनिटं त्यांच्या भावाच्या खोड्यांबद्दल आहेत, ती पण ठेवली. पोचपावतीचं स्कॅन घेतलं आणि मूळ पावती त्यांना परत दिली. नातवाने टक् चा आवाज फोनवर रेकॉर्ड केला, तीन वेळा लावायला लागलं झाकण, चौथ्यांदा संवर्धक खाकरला तेव्हा थांबला.

नवा फोटो वेबसाइटवर आहे, दोन्ही एकत्र, एकच नंबर, अ आणि ब. जागा: कपाट ४, कप्पा २, डावीकडून पहिलं. झाकण बंद. काल संध्याकाळी निघताना परत एकदा जाऊन बघितलं. आहे.